हात तू, तोंड मी

फिरत्या काचेच्या दाराच्या एका कप्प्यात एकानेच शिरायचं असतं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण मुलाखतीची वेळ झालेली, ओठांवर पाठ केलेली उत्तरं... अशा वेळी माणूस दाराकडे बघतो होय? ती शिरली. आणि तिच्या मागोमाग, तितक्याच घाईत, आणखी कुणीतरी शिरलं. दाराला काही दोन माणसं मानवेनात. ते जागच्या जागी थांबलं. पुढे काच, मागे काच आणि मध्ये ही दोघं, आपापल्या फायली छातीशी धरून.

"सॉरी..." मागून आवाज आला.

"सॉरी काय? ढकला ना!"

"ढकललं की जास्त अडतं हे. थोडं मागे सरकायला हवं. पण मागे मीच आहे, त्यामुळे पंचाईत."

तिला मान वळवायलाही जागा नव्हती. काचेत त्याचं अर्धं प्रतिबिंब तेवढं दिसत होतं. निळा शर्ट, नुकतीच इस्त्री केलेली बाही आणि हसू दाबायचा अयशस्वी प्रयत्न करणारे ओठ. कपड्याच्या साबणाचा स्वच्छ वास येत होता. बाहेर पहारेकरी हातवारे करून 'हलू नका' सांगत होता, आणि ही आपली पुटपुटतच होती.

"काय म्हणताय?" त्याने विचारलं.

"काही नाही. उत्तरं."

"प्रश्न तरी येऊ देत!"

पहारेकऱ्याने किल्ली फिरवली, दार सुटलं, आणि दोघं एकदमच आत फेकली गेली. ओळख झाली ती अशी. याला शुभशकुन म्हणायचं की अपशकुन, ते तुम्हीच ठरवा. तिने मात्र तिथेच ठरवून टाकलं होतं, की आज काही खरं नाही.

दोघांनाही काउंटरवर एकेक पांढरं स्टिकर मिळालं. ते छातीवर लावायचं. दिवस सरेल तसं ते हळूहळू लाल होत जायचं, म्हणजे संध्याकाळी कुणी पाहुणा आत रेंगाळला तर लांबूनच ओळखू यावा. मग दोघांना एकाच सोफ्यावर बसवण्यात आलं, आणि एचआरची मुलगी हसून म्हणाली, "तुम्ही दोघंही प्रोग्रामरच्या जागेसाठी ना? जागा एकच आहे हं. ऑल द बेस्ट!"

हे सांगायची काही गरज होती का? पण काहींना गोड बोलून काळजात सुई टोचायची सवयच असते.

तिचा जीव त्या एका जागेवर टांगलेला होता. आधीची कंपनी एका सकाळी कुलूप लावून मोकळी झाली, तेव्हापासून ती मुलाखती देत फिरत होती. गावाकडे बाबांचं खिळे-स्क्रूचं दुकान. बाबा ओरडणारे नव्हते, तेच तर अवघड होतं. मागच्या आठवड्यात ते फोनवर एवढंच म्हणाले होते, "बाळा, या महिन्यात जमलं तर जमलं. नाहीतर ये परत. गल्ल्यावर बसायला माणूस हवाच आहे मला." तिने 'बरं' म्हटलं होतं. शब्द दिला होता. आणि तेव्हापासून स्वप्नातही तिला स्क्रूच दिसत होते.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. दुसऱ्या फेरीत पहिल्याच फेरीचे प्रश्न विचारले, कारण पहिल्या साहेबाने टिपणं काढली नव्हती. तिसऱ्या फेरीचे साहेब व्हिडिओवर अर्धा वेळ 'आवाज येतोय का, आवाज येतोय का' करत राहिले आणि उरलेल्या अर्ध्यात म्हणाले, "स्वतःबद्दल सांगा." एकदा तर कहर झाला. सकाळी मेल आली, 'कळवण्यास खेद होतो की आपली निवड होऊ शकली नाही.' ती पलंगावर पडून पोटभर रडली. डोळे पुसतेय तोच दुसरी मेल. 'अभिनंदन! पुढील फेरीसाठी आपली निवड झाली आहे.'

"मलाही आली ती!" सोफ्यावर तिने हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला. "खेद आणि अभिनंदन. मी तर खेदावरच विश्वास ठेवून झोपलो होतो. वहिनीने उठवलं."

"आणि तुम्ही हसताय?"

"मग काय करू? रडायचं काम तुम्ही करताय ना. वाटून घेऊ या."

प्रत्येक फेरीला तो त्याच निळ्या शर्टात यायचा. तिने मनातल्या मनात त्याचं नाव 'निळोबा' ठेवलं होतं, आणि एके दिवशी ते चुकून तोंडातून निसटलं. तिने जीभ चावली. तो मात्र खूश झाला.

"निळोबा! छान आहे. शर्ट दादाचा आहे खरं तर. मुलाखतीला घालण्यासारखा घरात हा एकच. दादा-वहिनींकडे राहतोय ना सध्या. वहिनी अवाक्षर काढत नाही हो... म्हणूनच जास्त लागतं. दोन वेळा गरम जेवायला वाढते, आणि मला घास गिळत नाही." एवढं बोलून त्याने बाही नीट केली. मग एकदम म्हणाला, "मीही तुमचं नाव ठेवलंय. पहिल्याच दिवशी. दारात."

"काय?"

"पुटपुटबाई."

ती रागवायला गेली, पण रागवताच येईना. कान गरम झाले. तो तिच्या स्टिकरकडे बघत म्हणाला, "अरेच्चा, स्टिकर अजून पांढरंच आहे. तुम्हीच आधी लाल झालात."

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं होतंय तर फोन नंबर घ्यावा की नाही? त्याने मागितला होता. तिनेच नाही म्हटलं. "निकाल लागेपर्यंत नको. आपण सध्या शत्रू आहोत."

"शत्रू?"

"जागा एकच आहे ना! तुम्हाला मिळाली तर मला तुमचा राग येणार. मला मिळाली तर... माझा मलाच राग येणार. त्यापेक्षा नकोच."

त्याने फोन खिशात परत ठेवला. "बरं," एवढंच म्हणाला. त्या 'बरं'मध्ये काय होतं कोण जाणे, पण तिला त्या दिवशी मुलाखतीची भीती कमी आणि त्या 'बरं'ची हुरहुर जास्त वाटली.

मग आली जोडीची फेरी. ही त्या कंपनीची खास पद्धत. दोन उमेदवार, एक संगणक. एकाने नुसतं बोलायचं, दुसऱ्याने नुसतं टाइप करायचं. बोलणारा तोंड, लिहिणारा हात. तोंडाने कीबोर्डला हात लावायचा नाही आणि हाताने तोंड उघडायचं नाही. परीक्षक मागे बसून भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळं बघणार, आणि गुण दोघांना वेगवेगळे.

चिठ्ठी काढली. ती तोंड, तो हात.

पडद्यावर दोन खिडक्या होत्या, दिसायला जुळ्या बहिणींसारख्या. एक सरावाची, तिच्यातली जुनी नावं पुसायची. दुसरी 'खरी', ग्राहकांच्या नावांची, तिला चुकूनही धक्का लावायचा नाही. या धंद्यात आयुष्यात एकदा तरी भलत्या खिडकीत पुसलेलं नाही, असा माई का लाल सापडायचा नाही. आणि पुसलं की पुसलंच.

सुरुवात झकास झाली. ती सांगत होती, त्याची बोटं पळत होती. एवढ्या जवळ ती त्याच्या शेजारी प्रथमच बसली होती. त्याच्या उजव्या करंगळीवर शाईचा जुना डाग आहे, हे तिला तेव्हा दिसलं. नको तेव्हा दिसलं. मागे परीक्षकांच्या पेनांची खरखर ऐकू आली आणि तिचं चित्त उडालं. तिने समोरच्या संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "ही घ्या." त्याने ती घेतली. "आता सगळी जुनी नावं पुसा."

त्याने हुकूम टाइप केला. आता फक्त एंटर दाबायचं होतं.

आणि त्याचा हात थांबला. करंगळी एंटरच्या वर, अधांतरी. दाबेना. एक क्षण गेला, दुसरा गेला. मागे पेनांची खरखर वाढली. हे काय चाललंय याचं? तिने वैतागून त्याच्याकडे पाहिलं. तो बोलू शकत नव्हता. मानही हलवत नव्हता. फक्त करंगळी थरथरत होती... आणि एकाएकी तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं. ही तर खरी खिडकी!

"दुसरी खिडकी घ्या," ती म्हणाली. आवाज कसाबसा सरळ ठेवला.

त्याने झटकन हुकूम खोडला, दुसरी खिडकी घेतली, आणि काम तडीस गेलं.

बाहेर लिफ्टपाशी ती त्याच्यासमोर उभी राहिली. "तुम्ही... दाबलं नाहीत."

"बोटाला मुंग्या आल्या होत्या."

"खोटं."

"बरं, खोटं." तो हसला, पण रोजच्यासारखं नाही. तेवढ्यात एचआरची मुलगी आली. "आता बस्स, शेवटची छोटीशी फेरी. गुरुवारी सकाळी. मेल ज्याला येईल त्याने यायचं."

मेल तिला आली. तिने ती तीनदा वाचली, खेदाची दुसरी मेल येते का याची वाट पाहिली. आली नाही. म्हणजे खेद त्याच्याकडे गेला होता. आनंदाने उड्या मारायच्या सोडून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. आता तो तिथे येणार नाही. सोफ्यावर निळा शर्ट नसेल. आणि आपल्याकडे त्याचा नंबर नाही, नाव धड नाही, काहीच नाही... नको म्हणणारी शहाणी कोण होती? मीच. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी नीट समजलं.

गुरुवारी ती मॅनेजरबाईंच्या खोलीत जाऊन बसली. मॅनेजरबाई मोजकं बोलणाऱ्या, चष्मा नाकावर घसरलेल्या, पण आज चक्क हसत होत्या.

"जोडीच्या फेरीत तुम्ही फारच छान सांभाळलंत. तुमच्या जोडीदाराने भलतीच खिडकी उघडली होती, हातही अडखळत होते त्यांचे. तुम्ही वेळेत पकडलंत. आम्हाला असंच माणूस हवंय. सोमवारपासून येऊ शकाल?"

सोमवारपासून! हाच शब्द ऐकायला तिने किती देव पाण्यात ठेवले होते. एक 'हो' म्हटलं की संपलं. गल्ला नको, स्क्रू नकोत, बाबांचा तो हळू आवाज नको. आणि कुणाला कळणार होतं? परीक्षकांना दिसली होती ती पडद्यावरची खिडकी. तिचं बोट कुणाला दिसलं नव्हतं. ज्याला दिसलं होतं तो बोलणारा नव्हता.

तिने तोंड उघडलं ते 'हो' म्हणायलाच, खरं सांगते. पण डोळ्यांसमोर ती करंगळी आली. थरथरणारी.

"मॅडम, खिडकी मी चुकवली होती."

"म्हणजे?"

"मीच बोट दाखवून 'ही घ्या' म्हटलं. ते हात होते, त्यांनी माझं ऐकलं. पण एंटर दाबलं नाही. नियम मोडून बोललेही नाहीत. नुसते थांबले, मला कळेपर्यंत. मी पकडलं नाही काही. त्यांनी मला पकडू दिलं."

मॅनेजरबाईंनी चष्मा काढला. "हे तुम्ही आत्ता का सांगताय?"

"सोमवारी आले, तर रोज त्या जोडीच्या फेरीच्या खोलीवरून जावं लागेल मला," ती म्हणाली. "मला नाही जमायचं ते."

मग मॅनेजरबाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि तिला सगळ्यात जास्त भीती वाटणारा शब्द उच्चारला. "कळवतो."

फिरत्या दारातून ती एकटीच बाहेर पडली. हातातोंडाशी आलेला घास स्वतःच भिरकावून दिला, आता बाबांना काय सांगू? पायऱ्यांच्या कडेला कॉफीची टपरी होती, तिथल्या बाकाकडे ती गेली. तिथे कुणीतरी पिवळा टी-शर्टवाला बसला होता. तिने त्याच्याकडे लक्षही दिलं नाही.

"पुटपुटबाई!"

ती दचकली. "तुम्ही? पिवळे?"

"निळा मुलाखतीपुरता," तो उभा राहत म्हणाला. "काय झालं? मिळाली ना? गुरुवार म्हणाली होती ती एचआरवाली, म्हणून... म्हटलं, बघावं. अभिनंदन करावं आणि जावं."

"मी सांगितलं त्यांना."

"काय सांगितलं?"

"खिडकीचं. माझं बोट होतं ते."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "वेडी आहेस का तू?" 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं. "मिळालेली नोकरी! मी कशासाठी थांबलो मग? कशासाठी?"

"मी सांगितलं होतं थांबायला? मोठा आला उपकार करणारा! आणि मी त्या जागेवर बसून रोज काय करायचं, तुझी आठवण काढायची?"

हे बोलून गेल्यावर ती थांबली. टपरीवाल्याच्या किटलीचं झाकण तेवढं खुळखुळत राहिलं.

"उपकार नव्हता तो," तो हळूच म्हणाला. "तुझं रडू आठवलं. खेदाची मेल आल्यावर पलंगावर पडून रडलीस म्हणालीस ना... म्हटलं, माझ्या बोटाने तर ती मेल जायला नको. एवढंच. आणि... मला तू आवडतेस. दारात अडकलो तेव्हापासून. हे निकाल लागल्यावर सांगणार होतो, पण निकाल काही लागेचना."

तिला हसू आलं आणि रडूही. काहीतरी बोलायला हवं होतं, पण पाठ केलेल्या उत्तरांत हे उत्तर नव्हतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर कंपनीचा नंबर. तो नुसता बघत राहिला. बोट फोनच्या वर, अधांतरी.

"घे ना!"

"नको. वर बोलावतील. तुझी जागा आहे ती."

"ती माझी नव्हतीच. बघ," ती त्याच्या जवळ सरकली, "हात तू, तोंड मी. मी सांगतेय ना? आणि या वेळी खिडकी बरोबर आहे. दाब."

त्याने तिच्याकडे पाहिलं. आणि दाबलं.

त्याला तसंच, पिवळ्या टी-शर्टात, वर बोलावलं. अजून एक छोटीशी फेरी! ती बाकावर बसून राहिली. जीव नुसता खालीवर होत होता. दार फिरलं की मान वर, दुसराच कुणी निघाला की मान खाली. कॉफी निवली, तिच्यावर साय धरली. मध्येच तिच्या लक्षात आलं, आपण पुटपुटतोय. पण आज उत्तरं नव्हती ओठांवर. 'होऊ दे, त्याचं होऊ दे' एवढंच होतं.

तो बाहेर आला तेव्हा स्टिकरच्या कडा नुकत्या गुलाबी व्हायला लागल्या होत्या. चेहऱ्यावरून काही कळेना.

"सोमवारपासून," तो म्हणाला. "मी म्हटलं, तिला द्या. त्या म्हणाल्या, तिने तुमचंच नाव सांगितलं, तुम्ही तिचं सांगताय, मला दिवसभर दुसरी कामं आहेत. सही करा." मग त्याचा आवाज खाली आला. "तुला राग येणार म्हणाली होतीस. मला मिळाली तर."

तिने स्वतःच्या मनात नीट शोधून पाहिलं. राग नव्हता. दुखत मात्र होतं, खोटं कशाला बोला, चांगलंच दुखत होतं. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा ते कशाचं हे तिलाही सांगता आलं नसतं. तिने हात पुढे केला. "नंबर दे. निकाल लागला ना."

त्याने फोन न देता तिचा हातच धरला. शाईच्या डागाचं ते बोट तिच्या बोटांत आलं. आता थरथरत नव्हतं.

"आणि तू?" त्याने विचारलं. "तू मला काही सांगितलंच नाहीस अजून."

"कळवते," ती म्हणाली, आणि त्याचा पडलेला चेहरा बघून खुदकन हसली. "अरे, वेड्या! हो. हो म्हणतेय. माझ्याकडे फेऱ्या नसतात."

मग तिने, हात न सोडता, दुसऱ्या हाताने बाबांना फोन लावला.

"बाबा, नोकरी नाही मिळाली."

पलीकडे दुकानात कुणीतरी खिळे तोलत असल्याचा आवाज. "बरं. मग कधी येतेस?"

"बाबा... अजून एक महिना द्याल? दुसरीकडे बघते. मिळेल मला, नक्की मिळेल. आणि... इथे एक जण आहे."

खिळे तोलायचा आवाज थांबला. तिला एवढी भीती तर एकाही फेरीत वाटली नव्हती. मग पलीकडून बाबांनी घसा साफ केला आणि जगातल्या सगळ्या बापांनी विचारलेला तो प्रश्न विचारला.

"मुलगा काय करतो?"

"आत्ताच नोकरी लागलीय, बाबा," ती म्हणाली. "माझीच."